बिऱ्हाड चाकांवर, खळे दुसऱ्याचे

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण मराठीत फिरत्या माणसाला उद्देशून वापरली जाते. परंतु प्राणिशास्त्राच्या कसोटीला लावून पाहिली असता असे आढळते की विंचवाची मादी पाठीवर घर वाहत नाही, तर नुकतीच जन्मलेली पिल्ले वाहते, आणि पिल्लांनी पहिली कात टाकली की ती त्या ओझ्यातून मोकळी होते. म्हणीतील 'बिऱ्हाड' हा शब्द त्यामुळे भांडीकुंडी या अर्थी न घेता कुटुंब या अर्थी घ्यावा लागतो. प्रस्तुत विवेचनाचा विषय असलेले, कॅम्परव्हॅनने फिरणारे दांपत्य याच्या नेमके उलट वागते. त्याची पिल्ले एव्हाना बंगळुरू किंवा बॉस्टन येथे स्थिरावलेली असतात, आणि पाठीवर असतात ते फ्रिज, शेगडी, घडीची खाट, दोन सायकली व न वापरलेला तंबू. असे दांपत्य फाल्गुन-चैत्राच्या सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी नदी जिथे दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळते त्या मुखावर वसलेल्या अंजनवेल गावी मुक्कामास आले असता काय काय घडते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आधी व्याख्या पाहणे इष्ट ठरेल. कॅम्परव्हॅन म्हणजे मिनीबसच्या किंवा टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर रचलेले असे वाहन, की ज्यात निजण्याची, स्वयंपाकाची आणि शौचाची सोय असते, आणि जे कायद्याच्या दृष्टीने वाहन, जाहिरातीच्या दृष्टीने घर व अनुभवाच्या दृष्टीने या दोहोंमधील वादग्रस्त प्रदेश असते. कॅराव्हॅन हा शब्द त्यासाठी सैलपणे योजला जात असला, तरी काटेकोरपणे बोलायचे तर कॅराव्हॅन ही दुसऱ्या गाडीने ओढून न्यावयाची खोली होय, तर कॅम्परव्हॅन स्वतःच्या इंजिनावर चालते. कॅराव्हॅन या शब्दाचे मूळ फारसीतील 'कारवान', म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा, हे आहे. तांड्यात शेकडो माणसे असत आणि ती एका दिशेने जात. इथे माणसे दोनच असतात आणि दिशेबद्दल मतभेद असतो.

हौसेखातर चाकांवर राहण्याच्या प्रथेचा उगम इंग्लंडमध्ये शोधला जातो. विल्यम गॉर्डन स्टेबल्स या नौदलातून निवृत्त झालेल्या डॉक्टराने १८८५ साली 'वाँडरर' नावाची दोन घोड्यांची निवासी गाडी केवळ आनंदासाठी बांधून घेतली आणि तीतून थेट स्कॉटलंडपर्यंत मजल मारली. त्याच्या नोकराकडे एक विशेष कामगिरी सोपवलेली होती, ती म्हणजे तीनचाकी सायकलवरून गाडीच्या पुढे जाऊन वाट मोकळी आहे की नाही हे पाहणे. फिरते घर आणि सायकल यांचा संबंध असा जन्मापासूनचा आहे. फरक इतकाच, की तेव्हा सायकल नोकर मारीत असे आणि मालक आत बसून लिहीत असे, तर आता नोकर उरला नसल्यामुळे ते काम मालकाकडे आले असून त्याला व्यायाम असे म्हणतात. पुढे १९५० पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनने ही हौस मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली, आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले, ज्यात अशी वाहने व ती उभी करण्यासाठी सोयींनी युक्त अशी कॅराव्हॅन पार्क या दोहोंचा विचार केलेला आहे. चाकांवरच्या संसारासाठी महाराष्ट्र मात्र धोरणाची वाट पाहत थांबलेला नव्हता. गाडीलोहार बैलगाडीतच संसार थाटून गावोगावी विळे-कोयते घडवीत आले, आणि ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळी उलटली की भांडी, कोंबड्या व पोरे गाडीवर लादून कारखान्याची वाट धरतात. परंतु गरजेपोटी केलेल्या अशा प्रवासाला स्थलांतर म्हणतात आणि गरज नसताना केलेल्या प्रवासाला पर्यटन, हा भेद शब्दकोशात सापडत नसला तरी सर्वांना ठाऊक असतो.

ऋतूच्या बाबतीतही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. फिरत्या घरांची जी चित्रे या दांपत्याने वर्षभर पाहिलेली असतात, त्यांत वसंत म्हणजे हिरवी कुरणे, अंगात लोकरी बंडी आणि हातात वाफाळता पेला, असा देखावा असतो. भारतीय पंचांगात वसंत हा चैत्र-वैशाखाचा ऋतू असून कोकणात त्याची पहिली खूण घाम ही आहे. मार्च महिन्यात सडा, म्हणजे जांभ्या दगडाचे सपाट पठार, वाळक्या गवताने पिवळा पडलेला असतो. भातरोपांची जागा तयार करण्यासाठी पालापाचोळा व शेण पसरून ती पेटवून देण्याची जी रीत आहे, तिच्यामुळे मधूनमधून काळे चौकोनही दिसतात. तथापि, रंग नसतात असे नाही. पळस, पांगारा आणि काटेसावर पाने झाडून केवळ फुलांवर उभी असतात, काजूच्या बोंडांवर पिवळी-तांबडी झाक येते, आणि एखाद्या वळणावर सुरंगीचा वास असा अंगावर येतो की पुढचे दोन चढ चढून होईपर्यंत दांपत्यातील वाद स्थगित राहतात. दुपारी समुद्राकडून येणारे खारे वारे व रात्री जमिनीकडून समुद्राकडे जाणारे मतलई वारे हे शालेय भूगोलातील दोन शब्द, जे इयत्ता सहावीनंतर कोणालाही उपयोगी पडलेले नसतात, ते येथे अचानक जीवनमरणाचे होतात. कारण या दोहोंच्या मधल्या संधिकाळात वारा पडतो, आणि त्याच वेळी पत्र्याच्या घरात भात शिजत असतो.

अंजनवेलास पोहोचण्याचे मार्ग प्रामुख्याने दोन. घाटावरून येणारे कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणमार्गे गुहागरकडे येतात, तर दापोलीकडून येणारे दाभोळहून धोपाव्याला वाहने वाहून नेणाऱ्या फेरीबोटीचा आश्रय घेतात, जिला त्या बाजूच्या बोलीत 'जंगलजेटी' असेही म्हणतात. या फेरीबोटीवर एक तात्त्विक पेच निर्माण होतो. घर गाडीत आहे, गाडी बोटीत आहे, बोट पाण्यात आहे, आणि गाडीच्या टाकीतही पाणी आहे. अशा वेळी नेमके कोण कोणाला वाहून नेत आहे, हे ठरवण्यापूर्वीच दुसरा किनारा येतो व मागची रिक्षा हॉर्न वाजवू लागते.

मुक्कामाचा पहिला विधी म्हणजे गाडी उभी करणे. कोकणातील वाडीचा रस्ता दोन गडग्यांच्या मधून जातो. गडगा म्हणजे चुना-सिमेंटाशिवाय नुसते दगड एकावर एक रचून केलेला बांध, जो शंभर पावसाळे सोसतो पण मागे येणाऱ्या गाडीचा बंपर सोसत नाही. सहा-सात मीटर लांबीचे वाहन या मार्गाने मागे नेताना पती स्टिअरिंगवर बसतो आणि पत्नी मागे उभी राहते, ही श्रमविभागणी सार्वत्रिक आहे. पत्नी 'येऊ द्या, येऊ द्या' असे म्हणते. हे शब्द मराठीत एरवी पंक्तीत आग्रह करताना वापरले जातात, त्यामुळे पतीच्या मनात त्यांचा सौम्य अर्थ ठसलेला असतो व तो येतच राहतो. त्यानंतर 'अहो, थांबा!' हा उद्गार आणि दगडाचा आवाज जवळजवळ एकाच क्षणी होतात. गडग्याचे किती नुकसान झाले हे पाहण्यास आजूबाजूच्या तीन घरांतून माणसे बाहेर येतात, आणि गावात आल्याची वर्दी देण्याचे जे काम पूर्वी पत्राने होत असे ते अशा रीतीने पार पडते.

जागा ठरवताना दुसरा प्रश्न उभा राहतो, तो सावलीचा. गाडीच्या टपावर सूर्यऊर्जेचे पट्टे असतात, ज्यांना ऊन हवे असते. गाडीच्या पोटात माणसे असतात, ज्यांना सावली हवी असते. आणि गाडी तर एकच असते. माडाखाली उभी केल्यास नारळ पडण्याचे भय असते, आणि उंचावरून सुटलेला नारळ काच कोणत्या देशातून मागवली आहे याची चौकशी करीत नाही. आंब्याच्या कलमाखाली उभी केल्यास निराळीच आपत्ती ओढवते. मोहोराच्या दिवसांत त्यावर तुडतुडे नावाचे बारीक कीटक असतात, जे मोहोराचा रस शोषतात आणि गोड चिकट द्राव खाली सोडतात. बागायतदार त्याला वैतागून चिकटा म्हणतात. दोन रात्रींत टपावर त्याचा पातळ पाक चढतो, त्यावर तांबडी धूळ बसते, धुळीवर मुंग्या येतात, आणि वीज निर्माण करणारी काच खसखस लावलेल्या अनारशासारखी दिसू लागते. उभी राहिलेली गाडी समपातळीत आणणे हेही एक शास्त्र आहे. त्यासाठी चाकाखाली ठेवावयाच्या खास पाचरी बाजारात मिळतात. त्या घरी विसरल्या जातात व त्यांच्या जागी जांभ्याचा, म्हणजे लोह असलेल्या तांबड्या दगडाचा, घडीव चिरा वापरला जातो. पातळी साधली की नाही याची अंतिम परीक्षा आमटीचे पातेले करते. आमटी एका काठाला चढून बसली असेल, तर रात्री पती त्याच बाजूला घरंगळणार, हे पत्नी जेवणापूर्वीच सांगू शकते.

याच सुमारास तो प्रश्न विचारला जातो, ज्याभोवती या विषयाचे सर्व समाजशास्त्र फिरते: 'कोणाकडे आलात?' कोकणातील गावात नाव, गाव, धंदा या बाबी दुय्यम होत. माणूस कोणाकडे आला आहे हे कळले की त्याची पत, नाते, जेवण आणि निजण्याची जागा हे सर्व एका दमात ठरते. या प्रश्नाला 'कोणाकडेच नाही, गाडीतच राहतो' असे उत्तर दिले गेले असता ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर प्रथम अविश्वास, नंतर करुणा आणि शेवटी संशय अशा तीन छटा क्रमाने उमटतात. संशय हा की घरी भांडण झाले असावे. वाडीत दोन घरे खुली असतात तर तिसऱ्याला कुलूप असते, कारण त्या घरचा चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करणारा कोकणी माणूस, शिमगा आणि गणपती एवढ्यापुरताच येतो. ओटी, पडवी, माजघर आणि मागचे आगर असलेली कुलूपबंद घरे आजूबाजूस उभी असताना दोन धडधाकट माणसांनी लाखो रुपये खर्चून सत्तर-पंचाहत्तर चौरस फुटांच्या पत्र्याच्या खोलीत झोपावे, हे ऐकणाऱ्याला पटत नाही, आणि त्याचे कारण ऐतिहासिक आहे. त्याच्या आजोबांनी लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत गाववाल्यांबरोबर पाळीपाळीने झोपून आयुष्य काढले, ते पाय लांब करता यावेत म्हणून निवृत्तीनंतर गावी परतले, आणि आता त्याच गावी पाय आखडून झोपण्यासाठी लोक शहरातून येत आहेत.

गाडीच्या अंतर्भागाचे अर्थशास्त्र तीन टाक्यांवर उभे असते. पहिल्या टाकीत शंभर लिटरच्या आसपास स्वच्छ पाणी मावते, दुसऱ्या टाकीत धुण्याभांड्यांचे सांडपाणी साचते, आणि तिसरी, जी पेटीसारखी ओढून बाहेर काढता येते, तिचे वर्णन ग्रांथिक मराठीत करता येते हाच ग्रांथिक मराठीचा मोठा आधार आहे. मलमूत्रसंचयिनी, असे तिला म्हणता येईल. तिची क्षमता वीस लिटरच्या आत-बाहेर असते, दोन माणसांना ती दोन-तीन दिवस पुरते, आणि ती रिकामी कोणी करायची हा प्रश्न लग्नाच्या वेळी सप्तपदीत घेतला गेलेला नसतो. जिथे कॅराव्हॅन पार्क नाही तिथे या संचयिनीस घेऊन कोणाच्या तरी दारी जाणे भाग पडते, आणि 'कोणाकडे आलात?' या प्रश्नाला तिसऱ्या दिवशी प्रथमच एक निश्चित उत्तर तयार होते.

स्वयंपाकाच्या बाबतीत असे दिसते की पहिल्या दिवशी ओट्स, दुसऱ्या दिवशी तयार पाकिटातील उपमा आणि तिसऱ्या दिवशी जवळच्या वेलदूरच्या बंदरावरून आणलेला बांगडा, हा क्रम सहसा चुकत नाही. ताजा बांगडा हळद, तिखट, मीठ व आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, लावून तव्यावर टाकला की जो सुवास उठतो, तो उघड्या पडवीत स्वर्गीय असतो. मात्र सरकत्या दाराच्या, गादी-पडद्यांनी मढवलेल्या पेटीत तो स्थायिक होतो. उशीला बांगडा, टॉवेलला बांगडा, दुसऱ्या सकाळच्या चहालाही बांगडा. कुंभार्ली घाट चढून गेल्यावरही तो उतरत नाही, आणि गाडी विकावयास काढली तर खरेदीदार दार उघडताच गाडी कोकणात जाऊन आली असल्याचे ओळखतो.

विजेचे प्रकरण याहून गहन आहे. बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे गुणाकाराने २.४ युनिट वीज होय. लहान वातानुकूलन यंत्राला ताशी सव्वा युनिटच्या आसपास वीज लागते असे धरले, तर दोन तासांत बॅटरी संपते व यंत्र बंद पडते. हे घडते त्या स्थळाचा विचार केला असता नियतीलाही विनोदबुद्धी असावी असे वाटू लागते. अंजनवेलच्या याच परिसरात एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीजप्रकल्प उभा राहिला, ज्याचा करार १९९५ मध्ये राज्यात सत्ताबदल होताच रद्द झाला, फेरवाटाघाटींनंतर पुन्हा जिवंत झाला, ज्याचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडला, आणि जो २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला. त्याची स्थापित क्षमता, म्हणजे सर्व संच पूर्ण जोमाने चालले तर एका वेळी जेवढी वीज देऊ शकतील ती मर्यादा, १,९६७ मेगावॉट आहे. शेजारीच द्रवरूप नैसर्गिक वायूचे टर्मिनल आहे. वायू द्रवरूपात ठेवायचा तर त्याचे तापमान शून्याखाली १६० अंश सेल्सिअसच्या आसपास राखावे लागते. तात्पर्य, एका बाजूस १,९६७ मेगावॉट आणि दुसऱ्या बाजूस उणे १६० अंश, आणि मध्ये एक दांपत्य पुठ्ठ्याने वारा घेत, फ्रिजमधले दही नासेल की राहील याची चर्चा करीत बसलेले असते. अखेर शेजारच्या पडवीतील प्लगमधून पिवळी वायर ओढली जाते. वीज मिळते, दही वाचते, आणि वायर ज्या घरातून आली त्या घरच्या आजींना 'अगो बाय, आत ये, बाहेर कशाला उकडतेस' असे म्हणण्याचा हक्क प्राप्त होतो.

सायकलींविषयी आता बोलले पाहिजे. या सायकली गाडीच्या पाठीला टांगून सुमारे अडीचशे किलोमीटर आणलेल्या असतात, आणि कोकणातील सायकलपर्यटनाचा मूळ सिद्धांत असा की या प्रदेशात सपाट असे काही नाही. जे सपाट वाटते तो सडा असतो, आणि सड्यावर जायचे तर चढावे लागते. पंच्याऐंशी किलो एवढे वजन, ज्यात माणूस आणि सायकल दोन्ही आले, शंभर मीटर उंच नेण्यास सुमारे त्र्याऐंशी हजार ज्यूल कार्य करावे लागते; मानवी स्नायू खाल्लेल्या अन्नातील पाचव्या हिश्शाच्या थोडे वर एवढेच कार्यात उतरवतात हे लक्षात घेता, या चढासाठी नव्वद किलोकॅलरी, म्हणजे एका घावनाच्या आसपास, इंधन पुरते. घावन म्हणजे तांदळाच्या पातळ पिठाचे जाळीदार धिरडे. पती हा हिशेब चढाच्या पायथ्याशी मांडतो व न्याहारीला सहा घावने खाल्ली असल्यामुळे हा चढ सोडून आणखी पाच चढ शिल्लक असल्याचे जाहीर करतो. पहिल्याच वळणावर मात्र तो उतरतो. त्यानंतर दृश्य असे दिसते, की माणसाला वाहून नेण्यासाठी घेतलेल्या सायकलीला माणूस वाहून नेत आहे, चेनचे वंगण त्याच्या पोटरीला लागले आहे, आणि डोक्यावर लाकडाची मोळी घेतलेली एक वृद्ध स्त्री त्याला मागे टाकून जाताना 'पंक्चर झाली काय?' असे सहानुभूतीने विचारीत आहे. पंक्चर झालेली नसते. तरीही 'होय' असे उत्तर दिले जाते, कारण त्यात मान राहतो.

उतारावर परिस्थिती पालटते. एकीकडे खाडीचे पाणी, दुसरीकडे करवंदीच्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या जाळ्या, आणि मध्ये तांबडी वळणे, अशा वाटेवरून पेडल न मारता खाली येताना दांपत्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. हे मौन सौंदर्यामुळे की ब्रेकच्या चिंतेमुळे, हे नक्की सांगता येत नाही. चैनीची अशी पाच मिनिटे संपतात ती वेलदूरच्या बाजूला, माशांच्या वासात. वेलदूरहून होडीने पलीकडे दाभोळला जाता येते आणि होडीत सायकलही मावते, त्यामुळे स्टेबल्सच्या नोकराला जे साधले नव्हते ते, म्हणजे सायकलला बसवून आपण उभे राहणे, इथे साधता येते.

पायी फिरण्याचे शास्त्र सायकलहून जुने व कमी अपमानास्पद आहे. कोकणात वाडीपासून वाडीपर्यंत जांभ्याच्या पायऱ्यांची वाट असते, तिला पाखाडी म्हणतात. पाखाडीच्या पायऱ्यांची उंची एकसारखी नसते, आणि ती बांधणाऱ्यांनी पाहुण्यांच्या गुडघ्यांचा नव्हे तर पाण्याच्या ओघाचा विचार केलेला असतो. दिशा विचारल्यास उत्तर-दक्षिण असे कोणी सांगत नाही. 'वर' आणि 'खाली' या दोनच दिशा असतात, आणि वाट 'फणसाकडून वर, मग घाटी उतरून खाली' अशी सांगितली जाते. पतीच्या मोबाइलमधील नकाशाला फणस ठाऊक नसतो. पत्नी फणस शोधते, पती उपग्रह शोधतो, आणि फणस आधी सापडतो.

या फेरफटक्यांत दोन स्थळे चुकत नाहीत. एक म्हणजे टाळकेश्वराचे देऊळ व त्याच्याजवळचे दीपगृह, जिथून खाडीचे मुख आणि समुद्र एकाच दृष्टिक्षेपात येतात. दुसरे म्हणजे खाडीच्या मुखावर पहारा ठेवून असलेला गोपाळगड. अंजनवेलचा हा किल्ला आदिलशाहीतून शिवाजी महाराजांकडे, पुढे १६९९ मध्ये सिद्दीकडे, १७४५ च्या सुमारास तुळाजी आंग्रे यांच्याकडे, तेथून पेशव्यांकडे व १८१८ मध्ये इंग्रजांकडे गेला. गोपाळगड हे नाव तुळाजींच्या काळातले. एवढ्या हातांतून गेलेल्या गडाच्या तटाबाहेर जमिनीच्या अंगाला खोल खंदक आहे, आणि आत, जिथे शिबंदी असे तिथे, आंब्याची कलमे आहेत. घर कसे असावे याविषयी हा गड जे सांगतो ते फिरत्या घराच्या नेमके विरुद्ध आहे, ते असे, की एका जागी पाय रोवून बसले तर मालक बदलतात, पण पत्ता बदलत नाही. हे निरीक्षण पत्नी करते. पती त्या वेळी तटावर चढून मोबाइलला रेंज येते का ते पाहत असतो.

पाठीवर घर घेऊन या किनाऱ्यावर येणाऱ्या एका पाहुणीशी इथे तुलना करणे भाग आहे. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात रात्री गुहागरच्या वाळूत येतात, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी खड्डा खणतात, शंभराच्या आसपास अंडी घालतात, वाळू लोटून खड्डा बुजवतात आणि तासाभराच्या आत समुद्रात परततात; पिल्ले पुढे दीडेक महिन्याने बाहेर पडतात, म्हणून ती पाहण्याचा हंगाम शिमग्याच्या आगेमागे येतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून वेळास येथे सुरू केलेल्या कामामुळे किनाऱ्यावरील गावे आता ही घरटी राखतात. कासविणीला जागा समपातळीत आणावी लागत नाही, तिला चिरा लागत नाही, आणि 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणणारे मागे कोणी नसते. तिच्या अंड्यांना मात्र रात्रभर जागणारी गावची माणसे लागतात. घर पाठीवर असले तरी शेजार लागतो, हा नियम तिलाही चुकलेला नाही.

फाल्गुन शुद्ध पंचमीला, जिला या भागात फाकपंचमी म्हणतात, शिमग्याची चाहूल लागते. कुठे त्रयोदशीचे 'तेरसे' शिमगे असतात, कुठे पौर्णिमेचे 'भद्रे'चे. होम झाला की ग्रामदेवतेची पालखी घरोघर निघते. देवळात वर्षभर माणसांची गाऱ्हाणी ऐकणारी देवता या दिवसांत स्वतः माणसांच्या दारी येते, हा या उत्सवाचा गाभा होय, आणि ती कोणत्या घरी कोणत्या क्रमाने जाते यावर मानपान अवलंबून असल्यामुळे यादी काटेकोर असते. मुंबईकरांच्या घरांची कुलपे याच दिवसांत उघडतात. अशा वेळी चाकांवरच्या घराचे काय करायचे, हा प्रश्न उपस्थित होतो. त्याला घर क्रमांक नाही, घरपट्टी नाही, उंबरठा म्हणावा तर तो विजेच्या बटणाने आत ओढला जातो. पालखीसमोर रांगोळी काढावयाची तर कोणत्या दारासमोर, सरकत्या की ड्रायव्हरच्या?

गावाने हा प्रश्न न सोडवताच सोडवलेला असतो. कोकणी घराची खरी जागा घरात नसते, ती खळ्यात असते. खळे म्हणजे घरापुढचे शेणाने सारवलेले अंगण, जिथे भात झोडले जाते, वाळवणे पडतात, लग्ने लागतात आणि पालखी नाचते. कॅम्परव्हॅनमध्ये जगातील सर्व काही मावते, पण खळे मावत नाही. म्हणून जिथून पिवळी वायर आली, जिथल्या विहिरीच्या रहाटाने टाकी भरली आणि जिथे संचयिनीचा प्रश्न मिटला, त्याच घराच्या खळ्यात गाडी कधीच येऊन उभी राहिलेली असते, आणि पालखी त्या खळ्यात येते तेव्हा गाडीच्याही दारी येते. काळ्या वेषातला, पांढऱ्या दाढीचा संकासूर घुंगरू वाजवीत गाडीला एक फेरी घालतो, आतल्या सिंकमध्ये डोकावतो आणि पोरांच्या अंगावर धावून जातो. पालखी नाचवणाऱ्यांना वाट पुरेना म्हणून पतीला गाडी दोन हात मागे घ्यावी लागते, तेव्हा अख्खी वाडी एका सुरात 'येऊ द्या' म्हणते आणि गडगा आणखी दोन चिऱ्यांनी कमी होतो. मग गाऱ्हाणे घातले जाते, ज्यात गावकरी घरातल्या माणसांसाठी देवतेकडे मागणे मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्यावर 'होय महाराजा' म्हणतात. वाडीतल्या लेकरांबाळांना सुखी ठेव, मुंबईकरांना सुखरूप ने, असे मागून झाल्यावर 'आणि ही गाडीवाली' एवढे शब्द त्यात घातले जातात. दांपत्य इतरांबरोबर 'होय महाराजा' म्हणते, आणि आठवड्याभरात दोघांनी एकाच वेळी एकच उत्तर देण्याचा हा पहिला प्रसंग असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारची पाहणी केली असता पुढील स्थिती आढळते. तापलेल्या बॉनेटवर आजींनी जुने धोतर अंथरून पोह्यांची मिरगुंडे, म्हणजे पापडाच्या पिठाच्या वाळवलेल्या चिंचोळ्या पट्ट्या, घातलेली असून सूर्यऊर्जेचा वापर प्रथमच पूर्ण क्षमतेने होत आहे. सायकलींच्या हँडलवर पंचे वाळत आहेत. न वापरलेला तंबू काजूबिया पसरण्यासाठी उघडला गेला आहे. पत्नी पडवीत सुपारी कातरण्यास शिकत आहे, आणि पती गडग्याचे चिरे परत रचण्याच्या खटपटीत आहे. रस्त्याने जाणारा एक जण थांबून 'कोणाकडे आलात?' असे विचारतो. पती २०२१ च्या धोरणापासून सुरुवात करण्याच्या बेतात असतो. तेवढ्यात पडवीतून पत्नी मान वर न करता 'इथलेच' असे सांगते, आणि विचारणारा समाधानाने पुढे जातो.